समुद्रशेवाळ कुजते कसे?

कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या शेतकऱ्यास समुद्राने वाहून आणलेले शेवाळ काही नवे नाही. पावसाळा सरून पाणी निवळले, की खडकाळ किनाऱ्यावर सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ जोमाने वाढू लागते. त्याच्या फांद्यांवर मिरीच्या दाण्याएवढे हवेचे फुगे असतात आणि त्यांच्या आधाराने ते पाण्यात उभे राहते. साधारणतः डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ते पक्व होऊन तुटू लागते व भरतीच्या पाण्याबरोबर वाळूवर येऊन पडते. दोन-चार दिवसांत त्याच्या राशी लागतात, त्यांवर माशा घोंगावू लागतात, दुर्गंधी सुटते आणि पुढच्या मोठ्या उधाणास त्यांतील पुष्कळसा भाग पुन्हा समुद्रात जातो.

या शेवाळात पालाश चांगल्या प्रमाणात असते व सूक्ष्म अन्नद्रव्येही असतात. तामिळनाडू व केरळच्या किनाऱ्यावर माडांच्या बागांना ते ताजे अथवा कुजवून घालण्याची चाल आहे. आपल्याकडे शेणखताची एक गाडी मिळवितानाही बागायतदारास यातायात पडते; अशा वेळी दाराशी चालत आलेले हे द्रव्य वाया का जावे, असा प्रश्न कोणासही पडेल. तो मलाही पडला होता. परंतु त्याचे उत्तर देण्याची जी घाई मी केली, तिचे फळ दुसऱ्या एका गृहस्थास भोगावे लागले. ती हकीकत प्रथम सांगतो. कारण शेवाळ कुजण्याचे शास्त्र समजून घेण्यास मी तिच्यामुळेच प्रवृत्त झालो.

एक फसलेला खड्डा

मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका वाडीत एका वयोवृद्ध बागायतदारांची माडांची बाग आहे. जुन्या माडांच्या जोडीस त्यांनी नवी रोपे लावली होती व त्यांच्यासाठी त्यांना खत हवे होते. किनाऱ्यावर पडलेले शेवाळ वापरता येईल काय, असे त्यांनी मला विचारले. मी कृषी महाविद्यालयात शिकलेली बंगळूर पद्धत सांगितली. डॉ. आचार्य यांनी १९३९ साली बंगळूर येथे शहरातील केरकचरा व मैला यांसाठी घालून दिलेली ही पद्धत मुख्यतः बंद खड्ड्याची आहे. थर देऊन खड्डा भरावा, वरून चिखलाने लिंपून टाकावा आणि तो पुन्हा उलथण्याचा खटाटोप करू नये. मनुष्यबळ थोडे लागते, म्हणून ती मला सोयीची वाटली.

काका व त्यांचे चिरंजीव यांनी जानेवारीत आठ दिवस टोपल्यांनी शेवाळ वाहून आणले. खड्डा भरला, थोडे शेण शिंपडले आणि तोंड लिंपून टाकले. एप्रिलमध्ये तो माझ्या समक्ष उघडण्यात आला. वरचा वीतभर थर काळपट झाला होता. परंतु त्याखाली सर्वत्र बुळबुळीत, चिकट लगदा होता आणि सडक्या अंड्यांसारख्या वासाने उभे राहवेना. तो लगदा दोन-तीन रोपांच्या आळ्यांत घालून पाहिला, तर शिंपलेले पाणी वरच साचून राहिले, खाली मुरेना. काकांनी मूठभर लगदा बोटांत चोळून पाहिला व म्हणाले, "साहेबांनू, ह्या खत न्हय, ही खळ झाली." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "पेंढो कुजता, पातेरो कुजता, मगे ह्याच कित्याक कुजाक नाय?"

त्यांनी मला दोष दिला नाही. परंतु आठ दिवसांची मेहनत मातीमोल झाली होती आणि त्यांच्या प्रश्नास त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे ग्रंथ व संशोधनपत्रिका चाळून जे उत्तर मिळाले, ते या लेखात देत आहे.

पेंढ्याहून निराळी घडण

कोणतीही वनस्पती घ्या. तिच्या शरीराचा मोठा भाग बहुशर्करांचा बनलेला असतो. शर्करेचे शेकडो-हजारो लहान रेणू एकापुढे एक जोडले जाऊन जी लांब साखळी होते, तीच बहुशर्करा होय. भाताच्या पेंढ्यातील मुख्य बहुशर्करा सेल्युलोज ही आहे. तिच्या जोडीस लिग्निन नावाचे कठीण द्रव्य असते व त्यामुळे काडी ताठ उभी राहते. लाटांबरोबर हेलकावे खाणाऱ्या समुद्रशेवाळास ताठ राहून चालत नाही; त्याला लवचिकपणा हवा. म्हणून त्याच्या अंगी लिग्निन जवळजवळ नसतेच. सेल्युलोजही थोडेच असते. त्यांची जागा पाणी धरून ठेवणाऱ्या, चिकट अशा निराळ्याच बहुशर्करांनी घेतलेली असते.

शेवाळाच्या रंगाप्रमाणे या बहुशर्करा बदलतात. सरगॅसमसारख्या तपकिरी शेवाळात अल्जिनेट असते. काही तपकिरी जातींत ते कोरड्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत भरते. तांबड्या शेवाळांपैकी काहींत अगार, तर काहींत कॅराजीनन असते. खडकांवर व खाडीच्या तोंडाशी दिसणाऱ्या उल्वा या पोपटी, पातळ पापुद्र्याच्या शेवाळात अल्व्हन असते. यांपैकी अगार आपल्या घरांतही येते. उन्हाळ्यात दुधाची थंडगार वडी जमविण्यासाठी गृहिणी जे चायना ग्रास वापरतात, ते अगारच होय.

अल्जिनेटची साखळी दोन प्रकारच्या शर्करा-आम्लांची असते. एकाचे नाव मॅन्युरॉनिक आम्ल व दुसऱ्याचे गुलुरॉनिक आम्ल. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने शेवाळापासून हे द्रव्य काढण्याच्या कृतीचे पेटंट १८८१ साली घेतले. पाण्यात सुटलेले अल्जिनेट खळीसारखे दाट होते, आणि त्यात चुन्यातील कॅल्शियम मिसळले की गुलुरॉनिक आम्लाचे भाग एकमेकांस बिलगून त्याचा घट्ट गोळा बनतो. काकांनी बोटांत चोळली ती खळ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून हे न तुटलेले अल्जिनेट होते. मातीची छिद्रे त्याने बुजविली, म्हणूनच आळ्यातील पाणी मुरेना.

जे बहुतेक जिवाणूंस खाता येत नाही

कुजणे म्हणजे जिवाणू व बुरशी यांचे जेवण होय. परंतु सेल्युलोज असो वा अल्जिनेट, एवढी लांब साखळी जिवाणूच्या इवल्याशा देहात शिरू शकत नाही. तिचे बाहेरच तुकडे करावे लागतात. हे काम जिवाणू जी प्रथिने करून घेतात, त्यांना शास्त्रात विकरे व व्यवहारात एन्झाइम म्हणतात. प्रत्येक विकर एका विशिष्ट जोडावरच चालते. पेंढ्याची साखळी तोडणारे विकर अल्जिनेटपुढे निरुपयोगी ठरते; एका कुलपाची किल्ली दुसऱ्यास लागत नाही, तसेच हे आहे. आपल्या शेणातील व पाचोळ्यातील जिवाणू सेल्युलोजवर पोसलेले असतात. ताजे शेवाळ समोर आले तर त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ त्याची किल्ली नसते.

या गोष्टीचा पुरावा जंतुशास्त्राच्या प्रत्येक प्रयोगशाळेत नित्य पाहावयास मिळतो. १८८१ साली जर्मनीतील वॉल्टर हेसे हे रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. जिवाणू वाढविण्यासाठी वापरावयाचे जिलेटिन उन्हाळ्यात वितळून जाई, आणि पुष्कळ जिवाणू ते खाऊन पातळही करीत. त्यांची पत्नी फॅनी हेसे यांनी स्वयंपाकघरातील अगार वापरून पाहण्याची सूचना केली. अगार उष्णतेत टिकले आणि जिवाणूंसही ते पचेना. म्हणूनच आजही जिवाणू अगारच्या बशीवर वाढवितात. ज्यावर हजारो जातींचे जिवाणू वाढतात पण ज्याला ते तोंड लावू शकत नाहीत, असे हे शेवाळाचे द्रव्य आहे.

परंतु निसर्गात जे निर्माण होते त्याचा भक्षकही असतोच. तसे नसते तर समुद्र शेवाळानेच भरून गेला असता. नॉर्वेचे वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रान यांनी १९०२ साली समुद्राच्या पाण्यातून असा एक जिवाणू वेगळा केला, की जो खुद्द अगारच खातो. अशा जिवाणूंची वसाहत बशीवर वाढली की तिच्याभोवती अगार खचून खळगा पडतो. त्यानंतर १९३४ साली अमेरिकेतील मृदाजंतुशास्त्रज्ञ सेल्मन वाक्समन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्जिनेटचे विघटन करणाऱ्या जिवाणूंवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधाबद्दल १९५२ सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे वाक्समन ते हेच. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या निबंधातील महत्त्वाची गोष्ट अशी, की असे जिवाणू समुद्राप्रमाणेच जमिनीच्या मातीतही सापडले. म्हणजे किल्ली आपल्या मातीतही आहे. मात्र ती थोड्यांच्याच हाती आहे आणि त्यांना काम करण्यास अनुकूल परिस्थिती लागते.

रॉस्कॉफचा जिवाणू

ही विकरे नेमके काय करतात, याचा सखोल अभ्यास फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील रॉस्कॉफ या गावी झाला आहे. हे गाव शेतकऱ्यांसही परके वाटू नये. तेथील गुलाबी कांदा प्रसिद्ध आहे, आणि त्या किनाऱ्यावरचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेवाळ खत म्हणून शेतात घालीत आले आहेत. ते कोणी व केव्हा कापावे याविषयी १६८१ सालच्या फ्रेंच राजाज्ञेत स्वतंत्र प्रकरण होते, इतके त्याचे मोल असे. तेथेच १८७२ पासून एक सागरी जीवशास्त्र केंद्र आहे.

या केंद्रातील संशोधकांनी एका तांबड्या शेवाळाच्या अंगावरून एक पिवळसर जिवाणू मिळविला. कॅराजीनन तोडणाऱ्या त्याच्या विकराचे वर्णन १९९१ साली प्रसिद्ध झाले, आणि २००१ साली त्यास झोबेलिया गॅलॅक्टॅनिव्होरान्स असे नाव देण्यात आले. झोबेलिया हे नाव क्लॉड झोबेल या अमेरिकन सागरी जंतुशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ आहे. हा जिवाणू अगार, कॅराजीनन आणि अल्जिनेट अशी तिन्ही द्रव्ये पचवितो.

अल्जिनेटची साखळी तो दोन टप्प्यांत तोडतो. एक विकर तो आपल्या देहाबाहेर सोडून देतो. ते साखळीवर कोठेही मध्येच घाव घालते, त्यामुळे लांब साखळीचे आखूड तुकडे होतात. दुसरे विकर तो आपल्या बाह्य आवरणास बांधून ठेवतो. ते या तुकड्यांच्या टोकापासून एकेक कडी सोडवीत जाते. तोडलेला माड ओंडके करून घरी आणावा आणि मग अंगणात बसून त्याच्या ढलप्या काढाव्यात, तसाच हा प्रकार आहे. रानात केलेले तुकडे दुसराही उचलून नेऊ शकतो. अंगणातले मात्र आपलेच राहतात.

तोडण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. अगारची साखळी तोडणारे विकर प्रत्येक जोडावर पाण्याचा एक रेणू खर्ची घालून तो जोड उकलते. अल्जिनेटवरील विकर पाणी वापरीत नाही. ते जोडाजवळचा एक हायड्रोजन अणू काढून घेते, त्यासरशी जोड सुटतो आणि सुटलेल्या टोकाशी कार्बनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी बंध तयार होतो. सुट्या झालेल्या कड्या जिवाणूच्या पोटात जातात, आणखी तीन-चार विकरांच्या हातांखालून जातात व अखेर सर्व सजीव ज्या साध्या द्रव्यांपासून शक्ती मिळवितात, त्यांत त्यांचे रूपांतर होते. समुद्रातील खळीचे अन्न झाले ते असे.

सल्फेटचे कवच

तांबड्या व हिरव्या शेवाळांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्यांच्या बहुशर्करांना ठिकठिकाणी गंधकाचे सल्फेट गट चिकटलेले असतात. ते काढल्यावाचून आतल्या जोडापर्यंत विकराचा हात पोहोचत नाही. नारळ सोलावयास पहार, फोडावयास कोयता आणि किसावयास खवणी लागते. सोडणासकट नारळावर खवणी कोण चालवील? तद्वतच सल्फेट काढणारी विकरे निराळी, साखळी तोडणारी निराळी आणि शेवटची कडी सोडविणारी निराळी असतात. झोबेलियाजवळ एकट्या सल्फेट काढण्याच्या कामासाठी सुमारे ७० विकरे तयार करण्याची आनुवंशिक माहिती आहे.

उल्वा शेवाळातील अल्व्हन पूर्णपणे सुटे करण्याची संपूर्ण वाट २०१९ साली उलगडली. जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठ, रॉस्कॉफचे केंद्र आणि इतर संस्थांच्या संशोधकांनी फॉर्मोसा अगारीफिला या सागरी जिवाणूचा अभ्यास केला, तेव्हा या एका द्रव्यासाठी १२ विकरे एकामागून एक कामास लागतात असे दिसून आले. एकाचे काम झाल्यावाचून दुसऱ्यास हात घालता येत नाही. शेवाळ कुजण्यास वेळ का लागतो, याचे कारण यावरून ध्यानी येईल.

विकर करण्याचे हे कसब एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, ही गोष्टही २०१० साली उजेडात आली. जपानी लोक नोरी नावाचे तांबडे शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. त्या शेवाळातील बहुशर्करा तोडण्याची समुद्रातील जिवाणूंची जनुके जपानी मनुष्यांच्या आतड्यांतील एका जिवाणूत आढळली. तात्पर्य, जेथे शेवाळ नित्य येते तेथे ते पचविणारे जिवाणू कालांतराने तयार होतात. खताच्या ढिगासही हाच न्याय लागू आहे, असे मानण्यास हरकत नाही.

हवा कोंडल्याने काय झाले

आता काकांच्या खड्ड्याकडे वळू. रॉस्कॉफचा जिवाणू थंड समुद्राचा. आपल्या खड्ड्यात तोच असतो असे नव्हे. परंतु अल्जिनेट झपाट्याने तोडणारे त्याचे भाईबंद बहुधा हवेत जगणारे आहेत. मी खड्डा लिंपून घेतला तेव्हा त्यांचा श्वासच कोंडला. पेंढ्यावाचून नुसते ओले शेवाळ रचल्यामुळे ते स्वतःच्या वजनाने दबले, अल्जिनेट फुगून त्याने उरलीसुरली पोकळी बुजविली, आणि आत हवेचा शिरकावच उरला नाही. बंगळूर पद्धत वाईट नाही. ती या द्रव्यासाठी नव्हती, एवढेच.

हवा संपली की दुसऱ्या जातीचे जिवाणू वर येतात. समुद्राच्या पाण्यात व शेवाळात सल्फेट भरपूर असते. हे जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर टाकतात. सडक्या अंड्यांचा तो वास याच वायूचा. त्याकडे केवळ दुर्गंधी म्हणून पाहणे धोक्याचे आहे. ब्रिटनीच्याच किनाऱ्यावर १९७० नंतरच्या काळात उल्वा शेवाळाचे प्रचंड थर येऊ लागले. शेतांतून वाहून जाणारे नत्र हे त्याचे मुख्य कारण ठरले. या थरांवर वाळलेली साय धरते व खाली वायू कोंडून राहतो. जुलै २००९ मध्ये सेंट मिशेल आं ग्रेव्ह येथे एक घोडा अशा थरात रुतून मेला व त्याचा स्वार बेशुद्ध पडला. हा वायू दाट झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच नाहीशी होते, म्हणून वास थांबला म्हणजे धोका टळला असे कधीही समजू नये. मी त्या दिवशी काकांस खड्ड्याच्या काठावर उभे केले होते, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

दुसऱ्या वर्षीचा ढीग

पुढल्या जानेवारीत आम्ही खड्डा सोडून जमिनीवर ढीग केला. काका प्रथम तयार नव्हते. मी स्वतः दोन दिवस टोपली उचलीन या अटीवर ते तयार झाले. मे महिन्याच्या अखेरीस त्या ढिगातून भुसभुशीत, तपकिरी, मातीच्या वासाचे खत निघाले. पहिल्या पावसाबरोबर ते रोपांच्या आळ्यांत घातले आणि या खेपेस पाणी मुरले. त्या अनुभवावरून व वरील शास्त्रावरून पुढील रीत सुचविता येते.

१. भरतीने वाळूवर टाकलेलेच शेवाळ घ्यावे. खडकावरचे जिवंत शेवाळ खरवडू नये. माशांच्या पिलांचा तो निवारा आहे. वाळू उकरू नये, कारण याच महिन्यांत काही किनाऱ्यांवर समुद्रकासवांची घरटी असतात. शेवाळ उचलण्यापूर्वी ग्रामपंचायतीस कल्पना द्यावी. बंदराजवळचे व सांडपाण्याच्या तोंडाशी पडलेले शेवाळ घेऊ नये.

२. वाळू झटकून, प्लॅस्टिक व जाळ्यांचे तुकडे वेचून काढावेत. पाण्याची सोय असल्यास गोड्या पाण्याने एकदा धुवावे. मात्र ते खारे पाणी विहिरीकडे वाहू देऊ नये. नंतर कोयत्याने तुकडे करावेत. जितके तुकडे अधिक, तितकी विकरांस काम करण्यास जागा अधिक.

३. ढीग उंचवट्यावर व विहिरीपासून दूर करावा. तळाशी काटक्या अथवा माडाच्या झावळ्यांचा थर द्यावा. त्यावर शेवाळाचा पातळ थर, मग भाताचा पेंढा किंवा पातेरा यांचा त्याहून जाड थर, मग शेणकाला व बागेतील माती, असे थर रचीत जावे. पेंढा पोकळी राखतो, शेण व माती जिवाणू पुरवितात. जाळीदार विटांची नाडेप टाकी असल्यास अधिक उत्तम. तिच्या छिद्रांतून हवा खेळती राहते.

४. मागील वर्षीचे शेवाळखत शिल्लक असल्यास त्यातील दोन-चार टोपल्या विरजणासारख्या थरांत मिसळाव्यात. शेवाळ पचविण्यास सरावलेले जिवाणू त्यात आधीच असतात.

५. ओलावा पिळून काढलेल्या फडक्याइतका असावा. दर पंधरा-वीस दिवसांनी ढीग उलथावा. सडक्या अंड्यांचा वास येऊ लागला, तर हवा कमी पडते आहे असे समजावे व वाऱ्याच्या बाजूस उभे राहून ढीग मोकळा करून पेंढा वाढवावा. शेवाळाने भरलेल्या बंद व खोल खड्ड्यात कोणीही उतरू नये.

६. खत तयार झाले की नाही हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. तांब्याभर पाण्यात मूठभर खत चांगले ढवळून थोडा वेळ ठेवावे व वरचे पाणी बोटांत चोळून पाहावे. ते बुळबुळीत लागले तर अल्जिनेटची साखळी अजून शाबूत आहे असे जाणावे. साखळी तुटली की चिकटपणा जातो. प्रयोगशाळेतही विकराचे काम अजमावण्याची एक रीत हीच आहे. ती आपण तांब्यात करतो, एवढाच फरक.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना मिठाविषयी. कुजल्याने बहुशर्करा तुटतात, मीठ नाहीसे होत नाही. माड खारेपणा पुष्कळसा सोसतो; आंब्याची कलमे, मिरची व पालेभाज्या सोसत नाहीत. म्हणून हे खत प्रथम माडांस व पावसाळ्याच्या आरंभी घालावे. कोकणचा पाऊस उरलेले मीठ धुऊन नेतो. उन्हाळी भाजीपाल्यास ते घालणे टाळावे.

दुसरी सूचना सोमलाविषयी. तपकिरी शेवाळे, विशेषतः सरगॅसमच्या जाती, समुद्राच्या पाण्यातून सोमल म्हणजे आर्सेनिक शोषून घेतात, आणि विकरे ते नाहीसे करू शकत नाहीत. सरगॅसमच्याच कुळातील हिजिकी हे शेवाळ खाऊ नये, असा इशारा ब्रिटनच्या अन्नविषयक शासकीय संस्थेने २००४ साली दिला होता. यास्तव एकाच जागी वर्षानुवर्षे हे खत घालावयाचे झाल्यास खताचा व मातीचा नमुना तपासून घ्यावा, आणि खाण्याच्या पालेभाज्यांसाठी त्याचा वापर करू नये. सरगॅसमचे ताजे खाद्य जनावरांपुढे टाकण्याचा मोहही तूर्त आवरावा.

शेवटी काकांच्या प्रश्नाचे उत्तर. शेवाळ कुजते; परंतु ज्यांना त्याची किल्ली गवसली आहे, त्यांनीच ते कुजविता येते. ते कामकरी समुद्राने शेवाळाबरोबरच पाठविलेले असतात आणि काही आपल्या मातीतही वस्तीस असतात. त्यांना मजुरी द्यावी लागत नाही. त्यांना हवा, बेताची ओल आणि थोडा अवधी द्यावा लागतो. हे उत्तर मी ढिगाजवळ बसून सांगितले तेव्हा काका हसून म्हणाले, "मगे गेल्या वर्षी आमीच त्यांका कोंडून घातलो म्हणाचा." त्यात 'आमी' हा शब्द त्यांनी मोठ्या मनाने वापरला, चूक माझी होती. ती दुसऱ्या कोणाच्या वाडीत पुन्हा होऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.